वडिलांचं दिव्यांग प्रमाणपत्र: खासगी डॉक्टरांचं पत्र चालतं का? (नाशिक)

पवननगरकर: नमस्कार मंडळी. वडिलांना (वय ५८) सात महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. आता काठी धरून घरातल्या घरात चालतात, हात मात्र तसाच. दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढायचंय. आमच्या न्यूरोच्या डॉक्टरांनी लेटरहेडवर '६० टक्के अपंगत्व' लिहून दिलंय. तेवढं पुरतं का? मी अंबडला कंपनीत, सुट्टी एकच दिवस मिळेल. सगळं हजारात बसवायचंय. अलीकडे कुणी काढलं असेल तर सांगा.

गंगापूररोडचा_राजा: माझं निळं कार्ड (८० टक्के आणि वरचं) घरपोच आलं. तुम्ही सरळ ऑटोमॅटिक गाडी घ्या, दिव्यांगांना सवलत असते. मी घेतली, एकदम मस्त चालते.

पवननगरकर: साहेब, बजेट हजार आहे. आणि आप्पांना सायकलसुद्धा येत नाही.

ओझरवाला: ते पत्र फाडून टाका. खासगीचं काही चालत नाही.

निवृत्त_सिस्टर: फाडू नका हो! टक्के ठरवायचा अधिकार सरकारने नेमलेल्या डॉक्टरांचा, हे खरं. पण ते तुमच्या वडिलांना पाच-दहा मिनिटं बघणार. आजार काय, कधी झाला, काय उपचार दिले, आज काय जमत नाही, हे तुमच्या डॉक्टरांच्या कागदावरूनच कळतं त्यांना. म्हणून डॉक्टरांना म्हणा, टक्के काढा आणि हातापायाची पॉवर, म्हणजे ताकद पाचपैकी किती, ते लिहा. ३/५ म्हणजे हात आपल्या आपण वर उचलतो, पण कुणी वरून जरा दाबलं की पडतो. सोबत डिस्चार्ज कार्ड, एमआरआयचा रिपोर्ट, शेवटच्या तपासणीचा कागद, आधार. आधी स्वावलंबन पोर्टलवर (यूडीआयडीची सरकारी वेबसाइट) अर्ज भरा, तिथेच हॉस्पिटल निवडा, पावतीची प्रिंट जवळ ठेवा.

ओझरवाला: तेच म्हणतोय मी. खासगीचं चालत नाही.

सिन्नरफाटा: आमच्या तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा डॉक्टर ऑपरेशनला, दुसऱ्यांदा सर्व्हर बंद, तिसऱ्यांदा आईनेच घात केला. डॉक्टर म्हणाले, "हात वर होतो का, मावशी?" तर दात आवळून वर केला आणि म्हणते, "होतो की!" घरी स्वतःची वेणी घालता येत नाही तिला. मिळाले ३५ टक्के, कार्ड पांढरं. ४० च्या खाली ना एसटीची सवलत, ना संजय गांधी निराधार. त्या पांढऱ्या कार्डाचं काय करायचं, सांगा. आणि सोमवारी अजिबात जाऊ नका, मरणाची गर्दी असते.

निवृत्त_सिस्टर: टक्केवारी पटली नाही तर अपील करता येतं, दादा. कायद्यातच तरतूद आहे.

सिन्नरफाटा: म्हणजे चौथी चकर.

टॅक्सवाले_काका: कुणीच सांगत नाहीये म्हणून सांगतो. दाखला मिळाला की १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ८०यू कलमाखाली ७५ हजारांची वजावट.

गंगापूररोडचा_राजा: काका, ८०यू स्वतःच्या अपंगत्वाला. वडील अवलंबून असतील तर ८०डीडी. ८० टक्के किंवा वर असेल तर सव्वा लाख. आणि दोन्ही जुन्या करप्रणालीतच.

टॅक्सवाले_काका: जुन्यातच राहावं शहाण्याने.

सातपूर_प्रेसशॉप: माझं बोट मशीनमध्ये गेलं तेव्हा ईएसआयच्या (कामगार विमा) मेडिकल बोर्डाने कमाईची क्षमता किती गेली ते ठरवलं. तो आकडा वेगळा आणि ह्या दाखल्यातला वेगळा. मी दोन्हीकडे एकच कागद घेऊन भांडत होतो, दोन महिने गेले.

पंचवटी_एक्सप्रेस: कशाला एवढं? एजंट गाठा. तीन हजार घेतो, टक्केही वाढवून देतो.

निवृत्त_सिस्टर: असल्याला दारात उभं करू नका. खोटेपणाने सवलत लाटली तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे. पवननगरकर, एकच सांगते. आप्पांनी नाटक करायचं नाही, पण मर्दुमकीही दाखवायची नाही. रोजचं आहे ते सांगायचं. बटण कोण लावतं, भात कोण कालवतं, संडासला कोण धरतं. लाजून हेच राहून जातं.

सिन्नरफाटा: आणि दाढी करू देऊ नका! आईला मी नवी साडी नेसवून नेलं होतं, तिथेच चुकलं.

निवृत्त_सिस्टर: दाढीवर टक्के ठरत नाहीत.

पंचवटी_एक्सप्रेस: तरीपण नको. आणि सोमवार नकोच.

पवननगरकर: सगळ्यांचे आभार. अर्ज भरला, हॉस्पिटल सिव्हिल निवडलं. डॉक्टरांनी टक्के काढून दुसरं पत्र दिलं; हाताची पॉवर २/५, पायाची ४/५. फी मात्र पुन्हा ५०० घेतली, म्हणजे निम्मं बजेट तिथेच संपलं. सुपरवायझरने सुट्टी दिली ती नेमकी सोमवारची, तेव्हा सोमवारीच जातोय. दाढीचं आप्पांना सांगून पाहिलं. म्हणाले, "सरकारी डॉक्टरसमोर मी भणंगासारखा जाऊ?" आत्ताच न्हावी घरी येऊन गेला. पांढरा शर्ट इस्त्रीला दिलाय. त्याची बटणं मी लावणार, हे तिथे कोण बोलणार यावर आमचं अजून ठरलेलं नाही.