बेलोऱ्याचा बंब गावात का येत नाही

भाऊ, ‘अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या विमानतळावरचा बंब नुसता उभा असतो, कापूस पेटला की गावात पाठवा’ हे तुमचं म्हणणं मनाला पटते, नियमात बसत नाही. विमानाच्या लांबीवरून आणि धडाच्या रुंदीवरून अग्निशमनाचा दर्जा, म्हणजे विमानतळावर आग विझवायची किती तयारी पाहिजे ते, ठरतो. एटीआर ७२ हे छोटं प्रवासी विमान साधारण २७ मीटर लांब, म्हणजे पाचवा दर्जा. विमानाच्या वेळेला बंब बाहेर असला की दर्जा घसरला, विमान उतरवायची पंचाईत. शिवाय धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला ३ मिनिटांत फेस सुरू व्हायला पाहिजे. (नुसतं पाणी मारलं तर इंधन वर तरंगत जळतच राहते.)

आमची कुटाराची गंजी पेटली तेव्हा बंब तासाभरानं आला. तोवर आम्ही मोटारीच्या पाइपानं राखच भिजवत होतो. मागायचा तर गावासाठी वेगळा बंब मागा.