जेआरएफशिवाय पीएचडी: फेलोशिप आणि अन्य साहाय्याचे मार्ग

प्रश्न (रुमालवाचक):
पुण्यातील विद्यापीठात इतिहास विषयात माझी पीएचडीची नोंदणी गेल्या वर्षी झाली असून संशोधनाचा विषय उत्तर पेशवाईतील महसूल व्यवस्था हा आहे. मी सेट (राज्यस्तरीय प्राध्यापक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण आहे; वय ३१ झाल्यामुळे जेआरएफचा, म्हणजे राष्ट्रीय पातळीवरील नेट परीक्षेतून मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन फेलोशिपचा, मार्ग आता बंद झाला, असे विभागातील ज्येष्ठ सांगतात. सध्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. मानधन सत्र उलटून गेल्यावर कधीतरी जमा होते आणि पेशवे दप्तरातील रुमाल (कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे) उघडून बसायला केवळ सुट्ट्याच उरतात. नोंदणी झाल्यानंतरही अर्ज करता येईल अशी कोणती फेलोशिप आहे का?

उत्तर (सहकारी संशोधक):
ज्येष्ठांचे म्हणणे आपल्याला लागू होत नाही. जेआरएफची सर्वसाधारण वयोमर्यादा ३० वर्षे असली, तरी महिला उमेदवारांना पाच वर्षांपर्यंत सवलत असते, त्यामुळे आपल्याला अजून संधी आहे. आधीपासून नोंदणी असलेल्यांनाही ही फेलोशिप मिळते. मात्र ती निकालानंतर लागू होते, मागील काळाची थकबाकी मिळत नाही. १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि मूल्यमापनानंतर एसआरएफ (वरिष्ठ संशोधन फेलोशिप) म्हणून ४२,००० रुपये असा दर आहे; शिवाय घरभाडे भत्ता आणि आकस्मिक खर्चाचे अनुदान वेगळे. या काळात अन्य पगार किंवा मानधन घेता येत नसल्याने तासिका सोडाव्या लागतील. माझ्या मते त्या सोडणेच श्रेयस्कर आहे.

आपण प्रवर्ग लिहिलेला नाही. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) आहेत. जाहिरात ठरलेल्या महिन्यात निघेल या भरवशावर मात्र राहू नये. नोंदणीपत्र, मान्य झालेला आराखडा आणि जातीचे दाखले आधीच एका फाइलमध्ये लावून ठेवावेत.

उत्तर (मोडीप्रेमी):
इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी दिल्लीच्या भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेकडेही पाहावे. तिची कनिष्ठ संशोधन फेलोशिप पीएचडीची नोंदणी असलेल्यांसाठीच आहे, आणि दप्तरे पाहण्यासाठी प्रवास करावा लागणाऱ्यांना अभ्यास-प्रवास अनुदानही मिळते. अर्जात विषयाची थोरवी सांगण्यात जागा दवडू नका. कोणत्या दप्तरातील कोणते कागद पाहणार, त्यांपैकी मोडीतील किती आणि ते वाचण्याची आपली तयारी काय, हे नेमके लिहिलेला आराखडा परीक्षकाला अधिक पटतो.

मुदतीचाही विचार करावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीसाठी किमान तीन आणि कमाल सहा वर्षे आहेत. पुनर्नोंदणीने दोन वर्षांपर्यंत आणि महिलांना त्यावर आणखी दोन वर्षांपर्यंत वाढ मिळू शकते. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती अहवाल सादर करणे बंधनकारक आहे. काही विभागांत ही बैठक कागदावरच उरकली जाते; तसे होऊ देऊ नका, कारण पुढे मुदतवाढ मागताना हेच अहवाल तपासले जातात.

रुमालवाचक:
दोघांचेही आभार. नेटचा अर्ज या खेपेस भरतेच, आणि परिषदेसाठीच्या आराखड्यात रुमालांचे क्रमांक घालून तो मार्गदर्शकांना दाखवते.