तेरीज जुळत नाही, 16,764 रुपयांचा फरक कुठे शोधू?

नमस्कार. साताऱ्यात आमचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. मसाले सासूबाई करतात, हिशेब मी लिहिते. अकरावीला पुस्तपालन होतं, त्या शिदोरीवर या वर्षीपासून कीर्द (रोजच्या नोंदींची वही) आणि खतावणी (खात्यांनुसार पानं असलेली वही) हाताने ठेवली. 31 मार्चची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, काढली आणि अडकले. तिच्या दोन्ही बाजू, नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट), सारख्या यायला हव्यात. नावे 6,42,318, जमा 6,59,082.

तीन रात्री शोधतेय. बेरजा पुन्हा केल्या. गल्ल्यातली रोकड पुस्तकाशी जुळते. फरकाला 9 ने भाग जात नाही, म्हणजे 85 चे 58 अशी अदलाबदल नसावी. उलट्या बाजूला लिहिलेली रक्कम दुप्पट फरक पाडते, म्हणून फरकाची निम्मी रक्कम, 8,382, तशी गेलीय का पाहिलं, तर ही रक्कम एकाही पानावर नाही. घरी वापरलेला मसाला उचल खाते नावे, खरेदी खाते जमा असा लिहिलाय. त्यात काही चुकलंय का?

ओळखीचे एक जण म्हणाले, फरक उचंत खात्यात (न सापडलेला फरक ठेवायच्या तात्पुरत्या खात्यात) टाक आणि मोकळी हो. मला ते नको आहे. सासूबाई पहाटे चारला उठून मिरच्या भाजतात. वर्षाचा नफा त्यांना सांगेन तो खरा असायला हवा. कृपया मदत करा.

प्रतिसाद

उचलीची नोंद बरोबर आहे, आणि उचंत खात्याला नकार दिलात तेही. रोकड जुळतेय तर आधी बँकेचं पान उघडा. त्यातल्या कुठल्या नोंदी थेट पासबुकावरून घेतल्यात? पासबुक बँकेच्या बाजूने लिहिलेलं असतं. तुमचे पैसे हे तिचं देणं, म्हणून ती ते जमा दाखवते. तुमच्या वहीत मात्र बँक तुमची ऋणको, म्हणजे तुमचं देणं लागणारी. पैसे आले की बँक खाते नावे, गेले की जमा. शिवाय दोन चुका विरुद्ध दिशांना झाल्या असतील तर निम्म्या रकमेचा उपाय चालत नाही.

धागाकर्ती

सापडलं! एका खानावळीचे 8,500 एनईएफटीने आले होते. पावती नव्हती, म्हणून पासबुकात बघून बँक खात्यालाही जमाच लिहिले. तिथे 17,000 चा फरक. बँकेने कापलेले 118 रुपये शुल्क तसंच पाहून नावे लिहिलं, ते 236 उलट दिशेला. 17,000 वजा 236 बरोबर 16,764! मनापासून आभार. आता खाडाखोड करू की दुरुस्तीची नोंद?

प्रतिसाद

कीर्द बरोबर आहे, चूक फक्त खतावताना झाली, आणि वर्षही अजून बंद केलेलं नाही. चुकीच्या रकमेवर एकच रेघ मारा, योग्य बाजूला लिहा, शेजारी सही आणि तारीख. व्हाइटनर नको, जुना आकडा वाचता आला पाहिजे. आणि बँक जुळवणी पत्रक, म्हणजे वही आणि पासबुक ताडून पाहणारा तक्ता, आजच करा. एखादा व्यवहार कीर्दीतच राहून गेला असेल तर तेरीज जुळूनही तो दिसणार नाही.