पोट्ट्यांना चांगलं खाऊ घालायचं तर आणायचं कुठून? (नागपूर, बेसा साइड)

बेसावाली_आई
आम्ही बेसा साइडला फ्लॅट स्कीममध्ये राहायला आलो त्याला वर्ष झालं, घर मस्त आहे पण भाजीचं काही खरं नाही. खाली एक किराणा आहे, तिथे आलू, कांदे आणि सुकलेला सांबार (कोथिंबीर), बस. दारात मात्र चिप्सच्या पुड्यांच्या माळा, माझ्या पाच वर्षांच्या पोट्ट्याचे डोळे तिथेच. अ‍ॅपवरून मागवलं तर पालकाची अर्धी जुडी सडकी निघते. आमच्याकडे कामाला येतात त्या ताई परवा म्हणाल्या, मॅडम, पाच रुपयात पुडा येते, पाच रुपयात सफरचंद येते का? मी गप्पच बसली. त्यांची मुलगी चार वर्षांची आहे. तुम्ही लोक कसं जमवता?

तर्रीवाला
काहून बाप्पा, सफरचंदच काहून पाह्यजे? इतवारी बाजारातून किलोभर फुटाणे न किलोभर फल्लीदाणे आणा, वरून गुळाचा खडा, डब्बे भरून ठेवा. हिशोब लावून पाहा, पुड्यापेक्षा स्वस्त पडते.

अंगणवाडीवाली
भाऊ आयडिया चांगली आहे पण चार-पाच वर्षांच्या लेकराला अख्खे दाणे-फुटाणे देऊ नका हो, घशात अडकतात. कुटून गुळासोबत लाडू करा.
आणि ताई, त्या मुलीचं नाव अंगणवाडीत आहे का ते आधी विचारा. 3 ते 6 वर्षांच्या लेकरांना तिथे गरम जेवण मिळतं, सहा महिने ते 3 वर्षांवाल्यांना घरी न्यायचा आहार. रेशन कार्ड पिवळं की केशरी असं काही नसतं. भाड्याने राहणाऱ्या बायांना वाटतं आपलं इथे चालणार नाही, म्हणून येतच नाहीत. अजून एक, लेकरांना पोळीसोबत चहा देणं बंद करायला सांगा. चहाने जेवणातलं लोह अंगाला नीट लागत नाही. बरबटी, पालक काहीही असो, वर लिंबू पिळा.

जुना_महालवाला
आमच्या स्कीममध्ये चार घरं मिळून पाळी लावली आहे. ज्याची पाळी तो रविवारी पहाटे कॉटन मार्केटच्या भाजीबाजारात जातो, थोकात घेतो, वाटणी पार्किंगमध्ये. पहिल्यांदा मी गेलो तर वांगेच वांगे घेऊन आलो, बायको अजून बोलून दाखवते. मे महिन्यात पालेभाजी दोन-चार दिवसांची घेऊच नका, ओल्या कपड्यात गुंडाळली तरी दुसऱ्या दिवशी मान टाकते. तेव्हा भोपळा, कोहळं, दोडके चालवा.

शाळेच्या_रांगेत
घरी कितीही करा, शाळा सुटली की गेटवर तेच पुडे. एफएसएसएआयचा (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) 2020 चा नियम आहे, गेटपासून 50 मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचं विकता येत नाही. आमच्या शाळेचं नाव नाही घेत, पण टपरी गेटपासून मोजून बारा पावलं आहे, पालकसभेत विषय काढला तर म्हणे तो शाळेबाहेरचा प्रश्न आहे. आता आम्ही सात-आठ पालक मिळून लेखी देतोय.

बेसावाली_आई
ताईंना विचारलं, नाव नाहीच आहे. सोमवारी मी सोबत जाते त्यांच्या. आणि बुधवारी सक्करदऱ्याच्या बाजारात जायचं ठरवलंय, गाडीत दोघींची जागा आहे, बेसा चौकातून कोणी येणार असेल तर सांगा. वांगे मी नाही घेणार 😄