सायकलने कामाला जाणाऱ्यांनो, तुमचा रोजचा रस्ता सांगा

गेल्या जूनपासून कोथरूड ते हिंजवडी सायकलने जातोय, आठवड्यातून तीन दिवस, एका बाजूला साधारण १६ किमी. कारने कधी पाऊण तास कधी दीड तास, सायकलने ५५ मिनिटं, आणि मुख्य म्हणजे रोज तेवढीच. चांदणी चौकाचा चढ सुरुवातीलाच येतो, पाय तापलेले नसतात, म्हणून पहिले दोन किमी मुद्दाम हलक्या गिअरवर काढतो. पुढे बावधन, मग बायपासचा सर्व्हिस रोड, तिथे उलट्या बाजूने येणाऱ्या बाइक सांभाळायच्या.

पण खरं सांगू का, चालवणं सोपं निघालं, अवघड होतं ते पोचल्यावरचं. ऑफिसात शॉवर नाही. सोमवारी कारने जाताना तीन शर्ट नि टॉवेल ड्रॉवरमध्ये ठेवून येतो. पोचलो की दहा मिनिटं पंख्याखाली नुसता बसतो, घाम थांबायच्या आत अंग पुसलं तर परत भिजतं, मग ओल्या टॉवेलने पुसून कपडे बदलायचे. एवढं बसवायला मला दोन महिने लागले. तुम्ही कसं बसवलंत? रस्ता, पाऊस, गुडघे, घरचे काय म्हणाले, सगळं लिहा.

———

ठाणे नौपाडा ते पवई, एलबीएस मार्गाने. दादा, तुमच्याकडे घाम वाळतो तरी, इथे मे महिन्यात वाळतच नाही, म्हणून साडेसहालाच निघते, भांडुप गर्दीच्या आधी पार होतं. गांधीनगर जंक्शनला खाली उतरून सायकल हातात धरून क्रॉस करते, ट्रकच्या मधून चालवत जायची अजिबात गरज नाही. पाठीवरची सॅक पहिल्याच आठवड्यात बंद केली, मागे कॅरिअर बसवून लॅपटॉप पिशवीत टाकते, पाठ कोरडी राहते, याने सगळ्यात जास्त फरक पडला. सासूबाई आधी काळजीने दारात उभ्या राहायच्या, आता पोचल्यावर मिस्ड कॉल द्यायचा ठरलंय.

———

कोल्हापूर ते कागल एमआयडीसी, जाऊन येऊन ४० च्या आसपास, पाच वर्षं झाली. शर्टाचा प्रश्न नाही, कारखान्यात युनिफॉर्म घालायचाच असतो. आमच्याकडं विषय उसाचा. सीझन चालू झाला की एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगाला बाहेर आलेला, मागं रिफ्लेक्टर नाही, आणि रात्री दुसरी शिफ्ट सुटल्यावर अंधारात ट्रॉली अगदी जवळ येईस्तोवर दिसत नाही. एकदा लक्ष्मी टेकडीच्या अलीकडं उभ्या ट्रॉलीला धडकता धडकता वाचलोय, पंक्चर झालेली म्हणून तशीच रस्त्यावर उभी, मागं दोन दगड लावलेले तेवढंच. त्या दिवसापासनं हँडलवर एक लाइट आणि हेल्मेटवर एक बारका, मान वळवली की उजेड पण वळतो. मागं लाल दोन, एक बंद पडला तर दुसरा. समोरनं वारा असला की ट्रॉलीच्या आडोशाला चालवायचा मोह होतो, करू नका, वरनं मोळी सुटली तर काय करणार. आता सीझनमध्ये रात्रीला सायकल न्यायची नाही असं बायकोनं ठरवलंय आणि तिचं बरोबर हाय.

———

गुडघ्याचं कुणी सांगेल का? पंधरा दिवसच झालेत, रोज २४ किमी, वाटीच्या पुढून दुखतंय.

———

^ पुढून दुखतंय म्हणजे बहुतेक सीट खाली आहे. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल अगदी खाली असताना पाय सरळ व्हायला हवा, म्हणजे चवड्याने मारताना गुडघ्यात थोडा बाक राहतो. आणि जड गिअर रेटू नका, हलक्यावर मिनिटाला ८०-८५ फेरे मारा. तरी थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका. मी नाशिकचा, २०१५ ला आमच्या महाजन डॉक्टर बंधूंनी अमेरिकेतली रॅम, म्हणजे एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सायकल शर्यत, पूर्ण केली ती बातमी वाचून सायकल घेतली आणि हीच चूक करून दीड महिना घरी बसलो होतो.

———

नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट ते रॉटरडॅम, कालव्याच्या कडेने १५ किमी. सायकलचा रस्ता वेगळा, त्यामुळे गाड्यांची भीती शून्य, त्रास सगळा वाऱ्याचा. नोव्हेंबरात वीस मिनिटं जास्त धरूनच निघते. २०२४ पासून इथे किमीमागे २३ सेंटपर्यंत प्रवासभत्ता करमुक्त मिळू शकतो, सायकलने गेलात तरी. पुण्यामुंबईच्या कंपन्यांनी असं काही केलं तर किती बरं होईल.

———

वय ७४. १९७२ पासून अकरा वर्षं सदाशिव पेठेतून आकुर्डीला पहिल्या पाळीला गेलो. गिअर नाहीत, डायनॅमोचा दिवा, म्युनिसिपालिटीचा बिल्ला. साडेपाचला निघायचं, आम्ही सात जण होतो, दमलेल्याला मधे घ्यायचं आणि वारा पुढच्यांनी खायचा. दापोडीच्या पुलावर पाच मिनिटं थांबायचो. कुणी आला नाही तर संध्याकाळी त्याच्या घरी चक्कर मारायचीच. एकट्याने अकरा वर्षं झाली नसती.

———

काका, हे वाचून एकदम ठरवलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार सकाळी सातला पौड फाट्याला पाच मिनिटं थांबणार आहे, चढ सुरू व्हायच्या आधी. हिंजवडीकडे जाणारं कुणी असेल तर या, निळी सायकल, मागे पिवळी पिशवी.