एचआरने केबिनमध्ये बसवून राजीनाम्यावर सही घेतली, आता काही करता येतं का? (चाकण, पुणे)

चाकण_क्यूसी
नमस्कार सगळ्यांना. चाकण एमआयडीसीत एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणजे शुक्रवारपर्यंत होतो. ७ वर्षं ४ महिने झाले. शुक्रवारी सेकंड शिफ्टला पंच करून आत गेलो, साडेतीनला लाइनवरून बोलावणं आलं, हातातला बोअर गेज टेबलावर ठेवला आणि तसाच गेलो. केबिनमध्ये एचआर मॅनेजर, प्लांट हेड आणि सिक्युरिटीचा माणूस. मोबाईल बाहेर ठेवायला लावला. समोर टाइप केलेला कागद, 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे'. म्हणे सही कर नाहीतर टर्मिनेट करू आणि असं पत्र देऊ की पुणे पट्ट्यात कुठेच उभं करणार नाहीत. घरी फोन करू दे म्हटलं तर नाही. पावणेसहाला सही केली मी.

दोन महिन्यांपूर्वी एक लॉट ओके करायला सांगितलेला, कास्टिंगला ब्लोहोल (आतली हवेची छिद्रं) होते, मी रिपोर्टवर सही केली नव्हती, तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंदच होतं. त्या रिपोर्टवर सही नाही केली आणि स्वतःच्या राजीनाम्यावर केली, हे डोक्यातून जातच नाहीये. दोन दिवस झोप नाही. मुलाची फी भरायची आहे, घराचा हप्ता आहे. सही झाली म्हणजे सगळं संपलं का?

भोसरीचा_जुना
संपलं नाही भाऊ, पण उद्यावर टाकू नको. आज रविवार आहे ना, आजच रात्री स्वतःच्या जीमेलवरून एचआर आणि प्लांट हेड दोघांना मेल टाक, मराठीत लिहिलं तरी चालतं, की शुक्रवारी अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत मला केबिनमध्ये बसवून ठेवलं, मोबाईल काढून घेतला, धमकी देऊन सही घेतली, हा राजीनामा मी माझ्या मर्जीने दिलेला नाही, तो मागे घेतो आणि कामावर यायला तयार आहे. एवढंच. शिव्या नको, लॉटची सगळी कहाणी नको, ती नंतर. सोमवारी तेच पत्र स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठव आणि पावती जपून ठेव.

माझ्या वेळी मी दोन महिने घरी बसून राहिलो, साहेब फोन करतील म्हणून. कोर्टात कंपनीच्या वकिलाने पहिला प्रश्न हाच विचारला की जबरदस्ती झाली होती तर साठ दिवस गप्प का होतात? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हिंजवडी_फेज२
मला वाटतं फुल अँड फायनल (शेवटचा हिशोब) घे आणि दुसरीकडे बघ. आमच्या इथेही असंच झालेलं, कोर्टात वर्षानुवर्षं जातात आणि नवीन कंपनीला कळलं की केस आहे तर घेत नाहीत. घरच्यांचा विचार कर.

कामगार_वकील_पुणे
मी कामगार कोर्टात प्रॅक्टिस करते म्हणून जरा सविस्तर लिहिते. हिंजवडीवाल्या दादांचं म्हणणं काळजीपोटी आहे पण हक्क सोडून देणं आणि दुसरी नोकरी शोधणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नोकरी शोधताना तक्रार करायला कोणी अडवत नाही.

भोसरीच्या काकांनी सांगितलेला मेल सगळ्यात महत्त्वाचा. दबावाखाली सही घेतली हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते, म्हणून लगेच केलेला निषेध हाच तुमचा मोठा पुरावा. शुक्रवारचं पंचिंग, लाइनवरून कोणी बोलावलं, बाहेर आल्यावर पहिला फोन कोणाला केला, हे सगळं वेळेसकट आजच वहीत लिहून ठेवा. मेलमध्ये हेही टाका की त्या दिवसाचं केबिनबाहेरचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवावं. आणि पुढच्या शिफ्टला गेटवर जा, ड्युटी मागा. आत घेतलं नाही तर लगेच दुसरा मेल, की अमुक वाजता आलो होतो, गेटवर थांबवलं.

आता कायदा. यूट्यूबवर अजून १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचेच व्हिडिओ आहेत, पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे. जुन्या कायद्यात बडतर्फीविरुद्ध जायला तीन वर्षं मिळायची, आता तडजोड अधिकाऱ्याकडे दोन वर्षांच्या आत जावं लागतं. सुरुवात कामगार आयुक्तांच्या ऑफिसमधून होते, पुण्यात ते वाकडेवाडीला आहे. तिथे साध्या कागदावर अर्ज चालतो, तडजोडीच्या टप्प्यावर वकील लागत नाही, खरं तर चालतच नाही, तुम्ही स्वतः बोला नाहीतर युनियनचा माणूस घेऊन जा. तिथे मिटलं नाही तर पुढे ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जाता येतं. शिवाय महाराष्ट्राचा स्वतःचा १९७१ चा कायदा आहे, अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा, त्यातल्या तक्रारीला आम्ही यूएलपी टाकणं म्हणतो. आकसाने किंवा खोटी कारणं दाखवून काढलं तर त्यात तक्रार करता येते, पण मुदत फक्त ९० दिवस. लॉटचा विषय तिथे कामाला येईल. म्हणून 'बघू दिवाळीनंतर' करू नका.

चाकण_क्यूसी
ताई खूप आभार. मेल लिहायला घेतलाय. एक शंका, माझं डेझिग्नेशन 'एक्झिक्युटिव्ह क्वालिटी' आहे, हातात ३१ हजार येतात. एचआर म्हणाला होता तू स्टाफमध्ये आहेस, लेबर कायदा तुला लागूच होत नाही.

कामगार_वकील_पुणे
हे सगळ्यांनाच सांगतात. लेटरवर काय लिहिलंय याला कोर्टात फार किंमत नाही, दिवसभर मुख्यतः काय काम करता ते बघतात. तुमच्या हाताखाली माणसं आहेत का? कोणाची रजा तुम्ही मंजूर करता का? कोणाला कामावर घ्यायचा, काढायचा अधिकार आहे का? नसेल आणि तुम्ही गेज, व्हर्निअर घेऊन पार्ट तपासत असाल, इन्स्पेक्शन शीट भरत असाल तर ते टेक्निकल काम आहे, तुम्ही कामगारच. पगाराची मर्यादा (आता १८ हजार, आधी १० हजार होती) ही सुपरवायझरी काम करणाऱ्यांसाठी आहे, टेक्निकल कामाला ती नाही. जुन्या इन्स्पेक्शन शीटवर तुमच्या सह्या असतील, त्यांच्या तारखा आठवतील तेवढ्या लिहा.

चाकण_क्यूसी
हाताखाली कोणी नाही. माझी स्वतःची रजा लाइन इन्चार्ज मंजूर करतो.

भोसरीचा_जुना
मग झालं. अजून एक, पैशाचं. ते चेक देतील आणि 'सर्व हक्क पूर्ण मिळाले' असा कागद पुढे करतील. त्यावर सही करायचीच वेळ आली तर 'हक्क राखून स्वीकारले' असं स्वतःच्या हाताने लिही.

कामगार_वकील_पुणे
बरोबर. आणि ग्रॅच्युइटी राजीनामा असला तरी मिळतेच, पाच वर्षं पूर्ण आहेत. बेसिक किती आहे?

चाकण_क्यूसी
बेसिक १८,२००.

कामगार_वकील_पुणे
१८,२०० भागिले २६ म्हणजे ७००, गुणिले १५ दिवस, गुणिले ७ वर्षं, ७३,५०० झाले. ३० दिवसांत द्यायला पाहिजेत, उशीर झाला तर व्याज. बाकी पगाराचा हिशोब आता दोन कामकाजाच्या दिवसांत करावा लागतो. कंपनी जर म्हणाली की माणसं जास्त झाली म्हणून कमी केलं, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार वेगळा, तुमचे १०५ दिवस होतात. राजीनामा लिहून घेतात तो हेच वाचवायला.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. औद्योगिक कामगाराला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यातच तसं लिहिलंय. १५१०० वर फोन केला तरी सांगतात.

मोशी_ताई
माझे मिस्टर ठेकेदारामार्फत होते, कंपनीच्या रोलवर नाही, त्यांनाही हेच लागू होतं का?

कामगार_वकील_पुणे
ताई, तिथे यूएलपीचा रस्ता अडतो, कारण कंपनी म्हणते हा आमचा माणूसच नाही आणि ते आधी ठरवावं लागतं. तुम्ही वेगळा धागा काढा, गेटपास, पगाराची स्लिप आणि पीएफ कोणाच्या नावाने भरला जायचा ते लिहा, मी बघते.

भोसरीचा_जुना
चाकण भाऊ, एक शेवटचं. केस चालू असताना मी मामाचा टेम्पो चालवला. कोर्टात विचारलं तेव्हा खरं सांगितलं, किती मिळायचे तेही सांगितलं. मागचा पगार अर्धा मिळाला, सहा वर्षांनी, पण मिळाला आणि कामावर परत गेलो. सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा निकाल आहे, आपल्याच महाराष्ट्रातल्या एका शिक्षिकेची केस, त्यात म्हटलंय की चुकीने काढलं असेल तर मागच्या पगारासकट परत घेणं हाच साधारण नियम. पण आपण दुसरीकडे कमवत होतो की नाही ते आपल्यालाच आधी सांगावं लागतं. लपवू नको.

चाकण_क्यूसी
मेल गेला, ११.४० ला. बायको शेजारी बसून वाचत होती, 'मी माझ्या मर्जीने दिलेला नाही' हे वाक्य तिने दोनदा मोठ्याने वाचलं. पत्राच्या प्रिंट सकाळी काढतो आणि भोसरी पोस्टात टाकतो. या आठवड्यात माझी सेकंड शिफ्टच आहे, दुपारी कंपनीच्या बसमध्ये घेणार नाहीत म्हणून गाडीवर जाईन, युनिफॉर्म घालूनच. गेटवर काय होतं ते इथे येऊन लिहितो.