मदत हवी आहे: वसईतल्या चर्चच्या जुन्या दफनभूमीचा इतिहास

धागाकर्ता: मंडळी, वसई तालुक्यातल्या एका गावच्या चर्चच्या दफनभूमीची माहिती लिहायची आहे. दाराजवळच्या दोन शिळांवर झिजलेली पोर्तुगीज अक्षरं आहेत. एकीवर ‘7’ला चिकटून ‘ब्रो’ दिसतं, म्हणजे जुलै का? तारेच्या ब्रशने घासलं तर चालेल? दफनभूमी शिळेइतकीच जुनी धरावी का?

शिळावाचक: तारेचा ब्रश, ॲसिड, ब्लीच काही नको. खडू-रांगोळीही नको, आपल्याला हवी ती अक्षरं आपणच रेखतो आणि मग तीच ‘वाचतो’. मऊ कुंचला आणि साधं पाणी पुरे. दगड पोपडे धरत असेल तर पाणीही नको. अंधार पडल्यावर कॅमेरा तिवईवर शिळेला समांतर लावा, टॉर्च जवळजवळ शिळेला टेकवून तिरपा धरा आणि चारही बाजूंनी एकेक फोटो घ्या. कॅमेरा हलू देऊ नका. एका बाजूने लपलेली रेघ दुसरीकडून हमखास उठते.

‘7ब्रो’ म्हणजे सप्टेंबर. 8, 9, 10 ला ‘ब्रो’ असेल तर ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. U च्या जागी V कोरलेला असतो, तिथे नावं चुकतात. ‘एरा’ दिसलं तर बिनधास्त इसवी सन धरा.

दप्तरवाला: शिळेवरून दफनभूमीचं वय काढू नका. पूर्वी चर्चच्या आतही पुरत. फरशी बदलताना शिळा बाहेर येऊन पायरीला लागतात. शिवाय ‘वारसांसह’ असा मजकूर असेल तर त्या एका दगडाखाली पिढ्या आहेत. साधी थडगी काही वर्षांनी पुन्हा वापरतात, त्यामुळे मोजदादही फसवी.

खरा आधार मृत्युनोंदीचा. अशी वही ठेवण्याचा नियम 1614 पासूनचा, पण 1739 मध्ये वसई मराठ्यांकडे गेली. त्याआधीची वही गावच्या कपाटात असेल या आशेवर राहू नका. आधी फादरांना लेखी अर्ज द्या, नेमकी वर्षं लिहून. ‘सगळं दाखवा’ म्हटलं की नकारच येतो.

धागाकर्ता: वही गावात नसेल तर?

दप्तरवाला: मग धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतल्या प्रदेशाच्या, कचेरीत विचारा. वसई धर्मप्रांत 1998 चा, त्याआधी मुंबई. 1886 ते 1928 या काळात मात्र वसईची चर्चेस दमण धर्मप्रांताखाली होती, आणि तो पुढे गोव्याला जोडला गेला. म्हणून त्या वर्षांसाठी मुंबईबरोबर गोव्यातही विचारा.